चाळीस यार्डांची धाव आणि फुटबॉलपटूची कारकीर्द

अमेरिकन फुटबॉलमधील खेळाडूची व्यावसायिक कारकीर्द किती टिकेल, याचे भाकीत त्याच्या शारीरिक चाचण्यांवरून करता येते काय, हा प्रश्न दिसतो तितका सरळ नाही. या चाचण्यांचा इतिहास पाहता असे आढळते की, ज्यांनी भाकीत करावयाचे त्या चाचण्याच ते खरे ठरविण्यास काही अंशी हातभार लावीत असाव्यात.

चाळीस यार्डांच्या धावेचा प्रघात क्लीव्हलँड ब्राउन्सचे प्रशिक्षक पॉल ब्राउन यांनी पाडला, असे परंपरेने मानले जाते. लाथेने उंच उडविलेला चेंडू साधारणतः जेवढ्या अंतरावर पडतो, तेवढे हे अंतर. १९६० नंतरच्या दशकात डॅलस काउबॉइज संघाने निवडीच्या कामी संगणकाचे साहाय्य घेतले. त्यासाठी योजलेले संख्याशास्त्रज्ञ सलाम कुरेशी हे मूळचे भारतीय, अलीगढ येथे शिकलेले. अमेरिकन फुटबॉलशी त्यांचा पूर्वपरिचय नव्हता, आणि कदाचित म्हणूनच प्रशिक्षकांची सैल विशेषणे त्यांना आकड्यांत बांधता आली. त्यांच्या कोष्टकात वेगाच्या जोडीला चारित्र्य, ईर्षा व बुद्धीची तरतरी यांनाही स्थान होते, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

१९८२ साली फ्लोरिडातील टॅम्पा येथे १६३ खेळाडूंना एकत्र बोलाविण्यात आले, ते मुख्यतः वैद्यकीय तपासणीसाठी. एकाच गुडघ्याची प्रत्येक संघाने वेगळी तपासणी करण्यापेक्षा सर्वांनी मिळून ती एकदाच करावी, हा त्यामागील व्यवहारी विचार. १९८५ मध्ये निरनिराळी शिबिरे एकवटली आणि १९८७ साली शिबिर इंडियानापोलिस येथे गेले. धाव, उड्या, २२५ पौंडांचे वजन उताणे पडून पुनःपुन्हा उचलणे हे सारे आनुषंगिक होते. २००४ पासून दूरचित्रवाणीने त्यालाच मुख्य केले.

१९९५ साली बोस्टन कॉलेजच्या माइक मामुलाने या चाचण्यांचाच खास सराव केला, त्यांत डोळ्यांत भरणारे यश मिळविले आणि फिलाडेल्फिया ईगल्सने त्याला सातव्या क्रमांकावर निवडले. चाचण्यांच्या फोलपणाचा दाखला म्हणून त्याचे नाव नेहमी घेतले जाते. वस्तुतः तो ५ हंगाम खेळला. खेळाडूंच्या संघटनेने सांगितलेली सरासरी तर सुमारे साडेतीन वर्षांचीच आहे. लीगच्या मते, पहिल्या वर्षी हंगामाच्या आरंभी संघात स्थान मिळविणाऱ्यांपुरते पाहिल्यास ती सहा वर्षांच्या घरात जाते. गणनेत कोणाला धरावयाचे, एवढ्यावरूनच उत्तर जवळजवळ दुप्पट होते.

कुझमिट्स आणि ॲडम्स यांच्या २००८ मधील अभ्यासात खेळलेले सामने, वेतन इत्यादींशी चाचण्यांचा सुसंगत संबंध आढळला नाही. चेंडू घेऊन धावणाऱ्या 'रनिंग बॅक' खेळाडूंची धाव तेवढी अपवाद. हा निष्कर्ष मात्र जपून वाचावयास हवा. मंदगती खेळाडू शिबिरापूर्वीच गळालेले असतात, आणि ज्या गुणाने गाळणी झाली त्याचा उरलेल्यांमधील सहसंबंध क्षीणच दिसणार.

याहून अवघड अडचण निराळीच आहे. बॅरी स्टॉ व हा होआंग यांनी १९९५ मध्ये बास्केटबॉलविषयी दाखवून दिले की, वरच्या क्रमांकावर निवडलेल्यांना, कामगिरी सारखीच असतानाही, अधिक वेळ खेळविले जाते व त्यांची कारकीर्दही लांबते. एकदा गुंतविलेली किंमत संघचालकांना सोडवत नाही. फुटबॉलमध्येही असेच घडत असेल, तर वेगवान धावेने क्रमांक सुधारतो, क्रमांकाने संधी वाढते आणि संधीने वर्षे. मग धाव आणि वर्षे यांत जो संबंध दिसेल, तो खेळाडूच्या शरीराचा म्हणावा की संघचालकांच्या मनाचा?

टॉम ब्रेडीने २००० साली ही धाव ५.२८ सेकंदांत पुरी केली, तो १९९ व्या क्रमांकावर निवडला गेला आणि २३ हंगाम खेळला. ॲडम व्हिनाटिएरी या किकरला तर कोणीच निवडले नव्हते. तो २४ हंगाम टिकला. ही उदाहरणे लोकप्रिय आहेत खरी, परंतु ती वेगापेक्षा खेळातील जागेविषयीच अधिक सांगतात. क्वार्टरबॅक वा किकर यांना सामन्यात चाळीस यार्ड धावावे लागते ते कितीदा?

कारकीर्द आखूड होण्यात दुखापतींचा वाटा मोठा असतो, आणि त्यांची चिन्हे दिसण्याचा संभव तपासणीच्या खोलीतच अधिक. परंतु गुडघे, खांदे व पाठ यांविषयीचे अहवाल संघांपुरतेच राहतात. अभ्यासकांच्या हाती लागतात ते धावेचे सेकंद.