६१चं कोडं आणि पाथरीचा सूर्यदास

मंडळी, आज एकाच संख्येबद्दल बोलू: १,७६,६३,१९,०४९. एक अब्ज शहात्तर कोटी त्रेसष्ट लाख एकोणीस हजार एकोणपन्नास. बोरीत बसून तिच्याकडे का बघायचं, ते पुढे येईलच.

प्रश्न असा आहे. एका पूर्ण संख्येचा वर्ग करा, त्याला ६१ने गुणा, त्यात १ मिळवा. आलेली संख्याही पूर्ण वर्ग हवी. ६१च्या जागी ६० घेतले तर ४वर काम भागतं. १६ गुणिले ६० म्हणजे ९६०, अधिक १ म्हणजे ९६१, म्हणजेच ३१चा वर्ग. ६२ घेतले तर ८ पुरतात, ६३चा वर्ग मिळतो. मग मधल्या ६१ला पाच-सहा पुरावेत ना? नाही पुरत. सगळ्यात लहान उत्तर आहे २२,६१,५३,९८०, आणि तेव्हा जो वर्ग मिळतो तो आपल्या या संख्येचा.

भास्कराचार्यांनी ११५०च्या सुमारास ‘बीजगणिता’त हेच उदाहरण घेतलं. एकेक संख्या तपासत २२ कोटींपर्यंत कोण जाणार? त्यांनी सुरुवात केली ८पासून. ८चा वर्ग ६४, ६१हून ३ने जास्त. चक्रवाळ पद्धतीचा एक फेरा घेतला की ३९ आणि ५ हाती येतात: ३९चा वर्ग १५२१, आणि ६१ गुणिले २५ म्हणजे १५२५. फरक उरला ४चा. इथून पुढे ब्रह्मगुप्ताची ‘भावना’, म्हणजे हाती असलेल्या जोड्यांच्या गुणाकारातून नवी जोडी काढायची रीत. त्या वाटेवर २९,७१८ लागते. तिचा वर्ग दुप्पट करून १ मिळवा. आली की नाही आपली संख्या? घरी कागदावर जरूर करून बघा.

१६५७ साली फ्रान्समध्ये फेर्माने आव्हान म्हणून हाच ६१ पुढे ठेवला, त्याला भास्कराचार्य ठाऊक नसताना. पुढे ऑयलरच्या गैरसमजातून समीकरणाला पेलचं नाव चिकटलं. आपण रागावतो, पण आपणही नीट बोलायला हवं. चक्रवाळ भास्कराचार्यांच्या आधी जयदेवाने सांगितलं होतं. आणि असं उत्तर नेहमी असतंच, हे सिद्ध केलं ते अठराव्या शतकात लाग्रांजने. उत्तर काढणं वेगळं, सिद्धता वेगळी.

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. भास्कराचार्यांची सूत्रं इतकी आटोपशीर की समजावणारा नसेल तर ती नुसती पाठ होतात. ते समजावण्याचं काम पार्थपूरच्या सूर्यदासाने केलं. पार्थपूर म्हणजे आपली पाथरी, असं मानतात. वडील ज्ञानराज ‘सिद्धान्तसुंदर’ लिहिणारे. मुलाने १५३८मध्ये ‘बीजगणिता’वर ‘सूर्यप्रकाश’ ही टीका लिहिली आणि तीन वर्षांनी ‘लीलावती’वर ‘गणितामृतकूपिका’. सरळ वाचलं की रामकथा, उलट वाचलं की कृष्णकथा, असं काव्य रचणाराही हाच सूर्यदास.