थेट प्रक्षेपणाचा बिटदर
मर्यादित इंटरनेटवरून थेट प्रक्षेपण करताना चित्राचा दर्जा अपलोडच्या वेगावर ठरतो. जाहिरातीत झळकणारा आकडा बहुधा डाउनलोडचा असतो. वेग सतत खालीवर होत असल्याने मोजलेल्या अपलोडपैकी सुमारे ७० टक्केच वापरावा. अपलोड ४ एमबीपीएस असेल, तर वापरण्याजोग्या २.८ एमबीपीएसमधून आधी आवाजासाठी १२८ केबीपीएस राखून ठेवावेत. ते कापणे सर्वांत घातक. उरलेल्या सुमारे २.७ एमबीपीएसमध्ये ३० फ्रेमचे ७२०पी चित्र बसते. एका जागी उभा राहून बोलणारा व्याख्याता त्यात स्वच्छ दिसतो. कबड्डीची चढाई सुरू झाली, की मात्र चित्रात चौकोन उमटतात, कारण एच.२६४सारखे कोडेक मुख्यतः फ्रेमगणिक बदललेला भागच पाठवतात आणि इथे जवळजवळ सारेच बदलते. अशा सामन्यासाठी त्याच बिटदरात ४८०पी निवडावे. पिक्सेल कमी झाल्याने प्रत्येकाच्या वाट्याला अधिक बिट येतात.