माळव्यातील नगर-कारभार : देवासच्या दोन पात्यांपासून पीपलरावांच्या नगर परिषदेपर्यंत

माळव्यात स्थायिक झालेल्या बऱ्याच मराठी घरांत दरबारच्या नोकरीच्या आठवणी सांगितल्या जातात. कोणाचे पणजोबा कचेरीत होते, कोणाचे शाळेत, कोणाचे खासगीकडे. संस्थाने विलीन झाली आणि ती वाट बंद झाली. आज देवास, धार, सोनकच्छ किंवा पीपलरावां येथे आपले नाते कारभाराशी उरले आहे ते मतदार आणि करदाते म्हणून. गावाचा कारभार कोण चालवतो आणि जाब कोणाला विचारायचा, हे मात्र आपल्यापैकी अनेकांना नीट ठाऊक नसते. सभासदांना व त्यांच्या मुलाबाळांना उपयोगी पडावी म्हणून ही माहिती येथे एकत्र दिली आहे.

पवार घराणे आणि दोन पाती

अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात, थोरल्या बाजीरावांच्या काळात, मराठ्यांचा माळव्यात जम बसला. पवारांच्या एका शाखेकडे धार आले. तुकोजी आणि जिवाजी या पवार बंधूंनी १७२८ च्या सुमारास देवास येथे आपली सत्ता स्थापन केली. दोघे भाऊ, गाव एकच. तुकोजींच्या वंशाला थोरली पाती आणि जिवाजींच्या वंशाला धाकटी पाती म्हणू लागले. १८१८ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने दोन्ही पात्यांशी एकत्रच तह केला. १८४१ नंतर मात्र दोघांचा कारभार वेगळा झाला. दोन्हींची गावे एकमेकांत इतकी मिसळलेली होती की नकाशावर सरळ सीमारेषा काढणे अवघड होते.

देवास शहरातही तोच प्रकार होता. मुख्य रस्त्याची एक बाजू थोरल्या पातीची, दुसरी धाकट्या पातीची. दोन्ही बाजूंची पाण्याची व्यवस्था वेगळी, दिवाबत्ती वेगळी, अंमलदार वेगळे. टेकडीवरच्या देवी तेवढ्या दोन्हीकडच्या लोकांच्या.

इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर १९२१ मध्ये थोरल्या पातीचे महाराज तिसरे तुकोजीराव यांच्याकडे खासगी सचिव होते. देवासच्या टेकडीचेच नाव दिलेल्या आपल्या पुस्तकात (१९५३) त्यांनी या दरबाराविषयी सविस्तर लिहिले आहे. महाराजांविषयी त्यांना मनापासून जिव्हाळा होता, पण संस्थानाचा खर्च आवरत नव्हता हेही त्यांनी लपवलेले नाही. पुढे आर्थिक अडचणी हाताबाहेर गेल्या. १९३३ च्या अखेरीस महाराज पाँडिचेरीला गेले आणि १९३७ मध्ये तिथेच वारले. राजा मनाने उदार असला तरी हिशेब मागण्याचा अधिकार रयतेला नव्हता. त्या काळच्या कारभारातली ही खरी उणीव होती.

विलीनीकरणानंतर

१९४८ मध्ये देवासची दोन्ही संस्थाने, धार, ग्वाल्हेर आणि इंदूर ही मध्य भारतात सामील झाली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी आजचे मध्य प्रदेश राज्य अस्तित्वात आले. मोठ्या शहरांसाठी मध्य प्रदेश नगरपालिक निगम अधिनियम, १९५६ आणि लहान शहरांसाठी मध्य प्रदेश नगरपालिका अधिनियम, १९६१ हे दोन कायदे आजही आधारभूत आहेत.

देवासच्या रस्त्याच्या दोन्ही बाजू एका कारभाराखाली आल्या. पण एक नगरपालिका झाली म्हणजे प्रश्न सुटले असे झाले नाही. कारखाने वाढले, वस्ती वाढली, आणि १९९० च्या उन्हाळ्यात इंदूरहून रेल्वेने पाणी आणून देवासची तहान भागवावी लागली. अनुपम मिश्र यांनी ‘आज भी खरे हैं तालाब’ या पुस्तकात याची नोंद केली आहे आणि कारणही सांगितले आहे. शहरातले जुने तलाव बुजवून त्यांवर घरे व कारखाने उभे राहिले होते. पूर्वी एका गावात पाण्याच्या दोन व्यवस्था होत्या. आता व्यवस्था एकच होती, पण तलाव बुजत असताना त्याचा जाब कोणी विचारला नाही.

राज्यघटनेतील तरतूद

१ जून १९९३ पासून ७४ वी घटनादुरुस्ती लागू झाली. तिने नगर संस्थांना घटनात्मक दर्जा दिला. मुदत पाच वर्षांची ठरली, स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी राखीव जागा आल्या, निवडणुकांसाठी राज्य निवडणूक आयोग आला. बाराव्या अनुसूचीत १८ विषय दिले आहेत. त्यांत पाणीपुरवठा, रस्ते व पूल, स्वच्छता, दिवाबत्ती, जन्ममृत्यूची नोंद, स्मशाने हे रोजच्या जगण्याचे विषय आहेत. हे विषय नगर संस्थांकडे किती सोपवायचे, ते राज्य विधानमंडळ ठरवते. मध्य प्रदेशात स्त्रियांसाठी निम्म्या जागा राखीव आहेत.

महाराष्ट्रातले शब्द आणि इथले शब्द

पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांशी बोलताना हमखास गोंधळ होतो, कारण तोच शब्द दोन राज्यांत वेगळ्या अर्थाने वापरतात.

- लहान शहराची संस्था : महाराष्ट्रात नगर पंचायत, इथे नगर परिषद. पूर्वी इथेही नगर पंचायतच म्हणत.
- मध्यम शहराची संस्था : तिकडे नगर परिषद, इथे नगर पालिका परिषद. उदाहरण, धार.
- मोठ्या शहराची संस्था : तिकडे महानगरपालिका, इथे नगर पालिक निगम. उदाहरण, देवास.
- निवडून आलेला सदस्य : तिकडे नगरसेवक, इथे पार्षद.
- लहान व मध्यम संस्थेचा प्रशासकीय प्रमुख : तिकडे मुख्याधिकारी, इथे मुख्य नगर पालिका अधिकारी, म्हणजे बोलण्यातले ‘सीएमओ साहेब’.

प्रमुख निवडण्याची पद्धतही उलटसुलट आहे. मध्य प्रदेशात २०२२ च्या निवडणुकीत महापौर थेट जनतेने निवडले, तर नगर पालिका व नगर परिषदांचे अध्यक्ष पार्षदांनी आपल्यातून निवडले. महाराष्ट्रात महापौर नगरसेवक निवडतात. तिथल्या नगराध्यक्षाची थेट निवडणूक २०१६ मध्ये आली, २०२० मध्ये गेली आणि २०२२ मध्ये परत आली. दोन्ही राज्यांत हे नियम बदलत असतात. त्यामुळे प्रत्येक निवडणुकीआधी आयोगाची अधिसूचना पाहावी.

पीपलरावांसारख्या गावात कोण काय करते

पीपलरावां हे देवास जिल्ह्यातील, सोनकच्छ तहसिलीतले गाव. इथे नगर परिषद आहे. अशा गावात जबाबदारीची वाटणी साधारण अशी असते :

- पार्षद : आपल्या वॉर्डाचे म्हणणे परिषदेत मांडतो. गटार, नळ, दिवा यांची पहिली तक्रार त्याच्याकडे.
- अध्यक्ष : परिषदेच्या बैठका घेतो. काही पार्षदांना घेऊन बनलेली ‘प्रेसिडेंट-इन-कौन्सिल’ त्याच्यासोबत निर्णय घेते.
- मुख्य नगर पालिका अधिकारी : राज्य शासनाचा अधिकारी. ठरावांची अंमलबजावणी, कर्मचारी आणि पैशाचे व्यवहार त्याच्याकडे. त्याची बदली शासन करते, परिषद नव्हे.
- तहसीलदार आणि एसडीएम : जमीन, महसूल, दाखले. ही कामे नगर परिषदेची नाहीत.
- आमदार व खासदार : त्यांच्या निधीतून गावात कामे होऊ शकतात, पण रोजचा कारभार त्यांच्याकडे नसतो.

संपत्ती कर आणि जलकर हे परिषदेचे स्वतःचे उत्पन्न. लहान गावात ते पुरत नाही. चुंगी नाका बंद झाल्यापासून त्याच्या बदल्यात मिळणारी चुंगी क्षतिपूर्ती आणि शासनाची अनुदाने यांवर बराच कारभार चालतो. म्हणून अध्यक्षाचे लक्ष भोपाळकडे लागलेले असते आणि वॉर्डातला माणूस मागे पडतो. गावचा कर वेळेवर भरला गेला तर परिषदेच्या हातात स्वतःचा पैसा राहतो, आणि मग जाब विचारणाऱ्याच्या शब्दालाही वजन येते.

निवडणूक वेळेवर न होणे हा दुसरा धोका. २०२२ च्या आधी राज्यातल्या बहुतेक नगर संस्थांची मुदत संपूनही दोन वर्षांहून अधिक काळ निवडणुका झाल्या नाहीत आणि कारभार प्रशासकांकडे होता. त्या काळात वॉर्डाला पार्षदच नव्हता.

तिसरी गोष्ट घराघरातली. निम्म्या जागा स्त्रियांच्या असल्या तरी बैठकीत आणि कचेरीत त्यांचे यजमानच बोलतात, अशी तक्रार सगळीकडे ऐकू येते. ‘पार्षद पती’ हा शब्द त्यातूनच रूढ झाला. आपल्या समाजातील ताई-वहिनींपैकी कोणी उभ्या राहिल्या, तर काम त्यांनीच करावे आणि घरच्यांनी पाठीशी उभे राहावे.

सभासदांसाठी

माळव्यात मराठी घरे थोडी आहेत, विखुरलेली आहेत. केवळ संख्येच्या बळावर आपण वॉर्ड जिंकू शकत नाही, आणि भाषेच्या नावावर मते मागण्याचीही गरज नाही. आपल्याकडे शिकलेली, कागदपत्र समजणारी माणसे आहेत. निवृत्त शिक्षक, बँकेतली मंडळी, अभियंते. त्यांनी एवढे जरी केले तरी पुष्कळ :

१. मतदार यादीत घरातल्या १८ वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येकाचे नाव आहे का, ते निवडणुकीची वाट न पाहता तपासावे.

२. आपला वॉर्ड क्रमांक आणि पार्षदाचे नाव मुलांनाही माहीत असावे.

३. तक्रार तोंडी न करता लेखी द्यावी आणि पोच घ्यावी. दखल न घेतल्यास सीएम हेल्पलाइन १८१ वर नोंदवावी.

४. परिषदेचा ठराव किंवा खर्च पाहायचा असेल तर माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ अन्वये अर्ज करावा. सामान्यतः ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे.

५. गावातल्या तलावावर, नाल्यावर अतिक्रमण दिसले तर शेजारच्या हिंदी भाषक कुटुंबांना बरोबर घेऊन वेळीच हरकत घ्यावी.

देवासच्या जुन्या रस्त्यावर माणूस कोणत्या बाजूला राहतो यावरून त्याचा राजा ठरत असे, आणि त्या राजाला निवडणे किंवा बदलणे त्याच्या हाती नव्हते. आपल्या वॉर्डाचा पार्षद आपण निवडतो. तो कोण, हे तरी प्रत्येक घराला ठाऊक असावे.