मध्ययुगीन युरोपीय वेशभूषा व चिलखतांची पुनर्निर्मिती

मध्ययुगीन युरोपीय वेशभूषा व चिलखतांची पुनर्निर्मिती म्हणजे युरोपच्या मध्ययुगात (साधारणपणे इ.स. ५०० ते इ.स. १५००) वापरात असलेली वस्त्रे, पादत्राणे, चिलखते व शिरस्त्राणे उपलब्ध पुराव्यांच्या आधारे नव्याने तयार करणे किंवा तयार करवून घेणे होय. या वस्तूंचा मुख्य उपयोग ऐतिहासिक पुनःसादरीकरणात होतो. जुन्या लढाया, सैनिकी छावण्या, बाजार व कारागिरी लोकांसमोर पुन्हा उभी करण्याच्या या उपक्रमाला युरोप-अमेरिकेत रीएनॅक्टमेंट म्हणतात. संग्रहालयांतील प्रात्यक्षिके व प्रायोगिक पुरातत्त्व यांतही अशा वस्तू वापरल्या जातात.

नाटकातील पोशाख दुरून पाहताना शोभला की पुरेसा ठरतो. पुनर्निर्मित वस्त्राबाबत मात्र कापड, बेत, शिवण आणि परिधान करण्याची पद्धत या प्रत्येक बाबीला आधार असावा, अशी अपेक्षा असते. या अर्थाने प्रत्येक पुनर्निर्मित वस्तू हे भूतकाळाविषयी केलेले एक विधान असते. प्रेक्षक, विशेषतः शाळकरी मुले, ते विधान खरे मानून घरी जातात. त्यामुळे अचूकतेचा प्रश्न या क्षेत्रात केवळ हौसेचा राहत नाही.

पार्श्वभूमी

इ.स. १९६६ मध्ये अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात बर्कली येथे सोसायटी फॉर क्रिएटिव्ह अनॅक्रॉनिझम या संस्थेची सुरुवात झाली. स्वीडनच्या गॉटलंड बेटावरील व्हिस्बी नगरात इ.स. १९८४ पासून मध्ययुगीन सप्ताह साजरा होतो. इंग्लंडमध्ये हेस्टिंग्ज (इ.स. १०६६) व ट्युक्सबरी (इ.स. १४७१), तर पोलंडमध्ये ग्रुनवाल्ड (इ.स. १४१०) या लढायांची पुनःसादरीकरणे होतात.

प्रारंभीच्या काळात हौशी मंडळींसमोर प्रामुख्याने चित्रपट व नाटकांतील पोशाखांचाच आदर्श होता. जाड सुतळी विणून तिला चंदेरी रंग दिला की ‘चिलखत’ तयार होत असे. उत्खननांत सापडलेल्या वस्त्रांवरील व साधनांवरील सविस्तर ग्रंथ उपलब्ध होऊ लागल्यावर ही स्थिती पालटली. लंडनमधील उत्खननांत मिळालेल्या इ.स. ११५० ते १४५० या काळातील वस्त्रांवरचा ग्रंथ इ.स. १९९२ मध्ये प्रसिद्ध झाला. पादत्राणे, पट्ट्यांचे बक्कल, सुऱ्या व म्यानांवरील त्याच मालिकेतील ग्रंथांसह तो आजही या क्षेत्रात पायाभूत मानला जातो.

पुराव्यांचे प्रकार

प्रत्यक्ष अवशेष: ग्रीनलंडमधील हेर्योल्फ्सनेस येथील नॉर्स वसाहतीच्या दफनभूमीत इ.स. १९२१ मध्ये डॅनिश पुरातत्त्वज्ञ पॉल नोर्लुंड यांनी उत्खनन केले. तेथे मृतांना त्यांच्या वापरातल्या कपड्यांत गुंडाळून पुरलेले होते व गोठलेल्या जमिनीमुळे ती लोकरी वस्त्रे टिकून राहिली. स्वीडनमधील बोकस्टेन येथे इ.स. १९३६ मध्ये दलदलीच्या जमिनीत एका पुरुषाचा देह अंगरखा, झगा, टोपी व पायांवरील वस्त्रांसह सापडला. हा चौदाव्या शतकातील जवळजवळ संपूर्ण पुरुषी पोशाख व्हारबर्ग येथील संग्रहालयात आहे. उच्चवर्गीय वस्त्रांपैकी इ.स. १३६४ मध्ये ओरे येथील लढाईत मारला गेलेला ब्रिटनीचा शार्ल द ब्ल्वा याचा मानला जाणारा रेशमी अंगरखा फ्रान्समधील लियाँच्या वस्त्रसंग्रहालयात जतन केलेला आहे.

चित्रे व शिल्पे: इ.स. १२४० च्या दशकात फ्रान्समध्ये रंगवलेल्या, सध्या न्यूयॉर्कच्या मॉर्गन ग्रंथालयात असलेल्या सचित्र बायबलात कथा प्राचीन काळच्या असल्या, तरी पात्रांना चित्रकारांनी आपल्याच काळातील कपडे व चिलखते चढवली आहेत. त्यामुळे हा ग्रंथ तेराव्या शतकाच्या अभ्यासकांना फार उपयोगी पडतो. सरदारांच्या थडग्यांवरील पूर्णाकृती शिल्पांतून चिलखताचे पट्टे, बक्कल व सांधे यांची रचना कळते. कॅंटरबरी कॅथेड्रलमधील ‘ब्लॅक प्रिन्स’ एडवर्ड (मृत्यू इ.स. १३७६) याची धातुमूर्ती हे याचे प्रसिद्ध उदाहरण आहे.

लिखित साधने: मृत्युपत्रे, मालाच्या याद्या, कारागिरांच्या संघांचे नियम व पोशाखासंबंधीचे कायदे यांचा यात समावेश होतो. इंग्लंडमध्ये इ.स. १३६३ च्या कायद्याने कोणत्या दर्जाच्या माणसाने किती किमतीचे कापड वापरावे हे ठरवून दिले होते. हा कायदा लवकरच रद्द झाला. तथापि दर्जा व वस्त्र यांचे नाते त्या काळी किती घट्ट मानले जात होते आणि ते मोडण्याकडे लोकांचा कल किती होता, या दोन्ही गोष्टी त्यातून समजतात.

कोणताही पुरावा एकटा पुरेसा ठरत नाही. आम्लयुक्त दलदलीत लोकर टिकते, पण लिननसारखे वनस्पतिजन्य कापड नष्ट होते. म्हणून बोकस्टेनच्या पुरुषाच्या अंगावर अंतर्वस्त्र आढळले नाही, यावरून तो ते वापरत नव्हता असा निष्कर्ष काढता येत नाही. चित्रात रंग दिसतो, शिवण दिसत नाही. यादीत नाव असते, आकार नसतो. तिन्ही साधने एकमेकांशी पडताळून पाहणे हा पुनर्निर्मितीचा गाभा आहे.

काळ, स्थळ व दर्जा यांची निश्चिती

‘मध्ययुगीन पोशाख’ असा एकच पोशाख अस्तित्वात नव्हता. हजार वर्षांच्या या कालखंडात वस्त्रांचा बेत अनेकदा बदलला. म्हणून काम सुरू करण्यापूर्वी एक दशक, एक प्रदेश व एक सामाजिक स्तर निश्चित केला जातो, उदाहरणार्थ इ.स. १३६० च्या सुमारास लंडनमध्ये राहणारा कारागीर. प्रत्येक वस्तू स्वतंत्रपणे अचूक असूनही एकूण वेश चुकीचा ठरू शकतो. अकराव्या शतकातील शिरस्त्राण, चौदाव्या शतकातील अंगरखा व पंधराव्या शतकातील जोडे एकाच व्यक्तीच्या अंगावर आले, तर तो वेश कोणत्याच काळाचा राहत नाही.

वस्त्रे

कापड: सर्वसामान्यांच्या वापरात लोकर व लिनन ही दोन कापडे प्रमुख होती. लिनन हे जवसाच्या खोडातील तंतूंपासून विणतात. अंगालगतची वस्त्रे लिननची व वरची लोकरीची असत. लोकरी कापड विणल्यानंतर ओले करून तुडवले जाई. त्यामुळे ते दाट होई व कापलेल्या कडेचे धागे सहज सुटत नसत. कृत्रिम धाग्यांचे मिश्रण असलेले कापड पुनर्निर्मितीत टाळतात. ते वेगळे पडते व शेकोटीच्या ठिणगीने वितळून त्वचेला चिकटू शकते. शुद्ध लोकर सहसा पेट घेत नाही.

रंग: निळ्यासाठी वोड, तांबड्यासाठी मॅडर व पिवळ्यासाठी वेल्ड या वनस्पती वापरल्या जात. वोडमधील रंगद्रव्य आपल्याकडील निळीतील रंगद्रव्यच आहे, तर मॅडर ही मंजिष्ठेच्या कुळातील वनस्पती आहे. रंग पक्का बसण्यासाठी तुरटी वापरत. मध्ययुगीन माणूस मळकट तपकिरी कपड्यांतच वावरत असे, हा समज चुकीचा आहे.

बेत व शिवण: हाताने विणलेले कापड महाग असल्याने ते वाया जाणार नाही अशा रीतीने बेतले जाई. चौकोनी व त्रिकोणी तुकडे जोडून अंगरखा तयार होई. घेर वाढवण्यासाठी पुढे, मागे व बाजूंना कळ्या घालत. हेर्योल्फ्सनेस व बोकस्टेन या दोन्ही ठिकाणच्या अंगरख्यांत अशा कळ्या आहेत. चौदाव्या शतकात अंगाबरोबर बसणारे कपडे व कापडी गुंड्या यांचा प्रसार झाला. डोके व खांदे झाकणारी, मराठी घरांतील कुंचीची आठवण करून देणारी टोपी स्त्री-पुरुष दोघेही वापरीत. शिवण हातानेच केली जाई. आज आतील लांब शिवणी यंत्रावर व दिसणाऱ्या कडा हाताने, अशी तडजोड पुष्कळजण करतात. अधिक काटेकोर गट मात्र सर्व शिवण मेण लावलेल्या लिननच्या किंवा रेशमी दोऱ्याने हातानेच करतात.

चिलखते

भरीव अंगरखा: कापडाच्या थरांमध्ये कापूस, लोकर किंवा चिंध्या भरून, गोधडीप्रमाणे टाके घालून हा अंगरखा तयार करीत. त्याचे ‘अ‍ॅकेटन’ हे नाव कापूस या अर्थाच्या अरबी शब्दावरून आले आहे. तो चिलखताखाली किंवा स्वतंत्रपणेही वापरला जाई. तलवारीच्या घावाची धार कडी अडवतात, परंतु त्याचा धक्का हा अंगरखा झेलतो. म्हणून चिलखतासाठी मापे घ्यायची ती हा अंगरखा घालूनच.

कड्यांचे चिलखत: यात प्रत्येक कडी सामान्यतः शेजारच्या चार कड्यांत गुंतवलेली असते. मध्ययुगीन युरोपात कडीची टोके चपटी करून, एकावर एक आणून रिव्हेटने पक्की करीत. कित्येक चिलखतांत रिव्हेटच्या कड्यांच्या ओळींआड अखंड कड्यांच्या ओळी आढळतात. टोके नुसती समोरासमोर आणलेल्या कड्यांचे चिलखत आज स्वस्त मिळते, परंतु त्या कड्या ताणाखाली उघडतात आणि युरोपीय मध्ययुगासाठी तो प्रकार अचूक मानला जात नाही. लांब बाह्यांच्या पूर्ण चिलखताचे वजन साधारण १० ते १५ किलो भरते. कंबरेला पट्टा आवळल्यास त्यातील बराच भार खांद्यांवरून कमरेवर जातो.

पट्ट्यांचा अंगरखा: दि. २७ जुलै १३६१ रोजी डेन्मार्कचा राजा चौथा वाल्देमार याच्या सैन्याने व्हिस्बीबाहेर गॉटलंडच्या शेतकऱ्यांचा पराभव केला. मृतांपैकी अनेकांना चिलखतांसह सामुदायिक खड्ड्यांत पुरण्यात आले. विसाव्या शतकातील उत्खननांत तेथे असे सुमारे २५ अंगरखे मिळाले. त्यांत लोखंडी पट्ट्या कापडाच्या किंवा चामड्याच्या आतल्या बाजूने रिव्हेटने बसवलेल्या होत्या व बाहेरून फक्त रिव्हेटची डोकी दिसत. चित्रांतील हेच ठिपके पाहून पुढे ‘खिळे ठोकलेले चामडी चिलखत’ ही कल्पना रूढ झाली आणि ती खेळ-चित्रपटांतून अजूनही चालत आली आहे. व्हिस्बीतील काही चिलखते लढाईच्या वेळीच जुन्या घडणीची होती. पुरल्याचे वर्ष हे घडवल्याचे वर्ष नव्हे, हा धडाही या उत्खननाने दिला.

पत्र्याचे चिलखत: पंधराव्या शतकात संपूर्ण अंग झाकणारी पोलादी चिलखते पूर्णत्वास पोहोचली. युद्धातील अशा चिलखताचे वजन साधारण २० ते २५ किलो असे व ते सर्वांगावर विभागलेले असल्याने ते घालून चालणे, वाकणे व घोड्यावर चढणे शक्य होते. इटलीतील दक्षिण टायरॉलमधील चुरबुर्ग किल्ला, लंडनमधील वॉलेस कलेक्शन व लीड्स येथील रॉयल आर्मरीज येथे मूळ नमुने पाहता येतात. मूळ चिलखतांतील पत्र्याची जाडी सर्वत्र सारखी नसते. छातीवर व कपाळावर ती अधिक, तर मागे व बाजूंना कमी असते. आजचे कारागीर बहुधा एकाच जाडीचा कारखानी पत्रा वापरतात. त्यामुळे आकार हुबेहूब साधला, तरी तोल व वजन बदलते.

सुरक्षितता

प्रत्यक्ष झुंजीत अचूकता व सुरक्षितता यांचा विरोध उद्भवू शकतो. ऐतिहासिक नमुन्याप्रमाणे उघड्या चेहऱ्याचे शिरस्त्राण योग्य असले, तरी बोथट पोलादी शस्त्रांच्या झुंजीत ते धोक्याचे ठरते. म्हणून बहुतेक गट आपले किमान नियम ठरवतात. सोसायटी फॉर क्रिएटिव्ह अनॅक्रॉनिझमच्या झुंजींत शिरस्त्राणाचा पोलादी पत्रा किमान १६ गेजचा, म्हणजे सुमारे १.६ मिलिमीटर जाडीचा असावा लागतो. शोभेसाठी विकली जाणारी पातळ पत्र्याची शिरस्त्राणे दिसायला सारखी असली, तरी डोक्याचे रक्षण करू शकत नाहीत. उन्हाळ्यातील कार्यक्रमांत भरीव अंगरख्यामुळे उष्माघाताचा धोकाही असतो. पाणी व विश्रांती यांची व्यवस्था ही आयोजकांची जबाबदारी मानली जाते.

खरेदी

नवागतांची नेहमीची चूक म्हणजे सर्वप्रथम तलवार व शिरस्त्राण विकत घेणे. अनुभवी मंडळी आतून बाहेर असा क्रम सुचवतात: प्रथम अंतर्वस्त्रे, पायांवरील वस्त्रे व जोडे, मग अंगरखा व टोपी, त्यानंतर भरीव अंगरखा आणि शेवटी चिलखत. त्या काळातील बहुसंख्य जोडे उलटे शिवून मग सुलटे केलेले, पातळ तळव्याचे असत. आधुनिक बूट इतर सर्व अचूकतेवर पाणी पाडतात. गटात सामील होण्यापूर्वी खरेदी न करणे हिताचे असते, कारण प्रत्येक गटाचा काळ व नियम वेगळे असतात.

विक्रेत्याला पुढील प्रश्न विचारले जातात:

- वस्तू कोणत्या मूळ नमुन्यावर किंवा चित्रावर आधारित आहे?
- कापडात कोणता धागा किती प्रमाणात आहे?
- कड्या रिव्हेटच्या आहेत की केवळ वाकवलेल्या?
- पत्रा कोणत्या प्रकारच्या पोलादाचा व किती जाड आहे?
- वस्तू झुंजीसाठी आहे की केवळ प्रदर्शनासाठी?

पहिल्या प्रश्नाला ‘मध्ययुगीन शैली’ एवढेच उत्तर मिळाल्यास ती वस्तू बहुधा कल्पनेवर आधारलेली असते. पत्र्याचे चिलखत मापाप्रमाणेच करवून घेणे इष्ट असते. गुडघ्याचा किंवा कोपराचा सांधा बोटभर जरी सरकला, तरी हालचाल अडते. चांगल्या कारागिराकडे आगाऊ रक्कम देऊन दीर्घकाळ थांबावे लागते. म्हणून दुसऱ्याने वापरलेली वस्तू घेणे किंवा गटातील सामाईक साहित्य वापरणे हे मार्गही रूढ आहेत.

भारताशी संबंध

युरोप-अमेरिकेतील दुकानांत विकली जाणारी रिव्हेटच्या कड्यांची तयार चिलखते व शिरस्त्राणे मोठ्या प्रमाणावर भारतात बनतात. मेरठ व देहरादून ही या व्यवसायाची परिचित केंद्रे आहेत. एका चिलखतात हजारो कड्या असतात व प्रत्येक कडी हाताने जोडावी लागते. पाश्चात्त्य देशांतील मजुरीच्या दराने असे चिलखत सामान्य हौशी माणसाच्या आवाक्याबाहेर जाते. या मालाच्या दर्जात बराच फरक आढळतो आणि पुष्कळदा तो ग्राहकाने पुरवलेल्या नमुन्यावर अवलंबून असतो.

महाराष्ट्रात शिवजयंतीच्या मिरवणुका व ऐतिहासिक महानाट्ये यांतून सतराव्या शतकातील वेशभूषा सादर केली जाते. तो काळ व प्रदेश वेगळा असला, तरी समकालीन चित्रे, संग्रहालयांतील चिलखते व दप्तरांतील नोंदी परस्परांशी ताडून पाहण्याची वर वर्णिलेली पद्धत तेथेही तितकीच लागू पडते.

मर्यादा

पूर्ण अचूकता साध्य होत नाही, हे या क्षेत्रात सर्वमान्य आहे. मेंढ्यांच्या जाती, सूत कातण्याची पद्धत व लोखंड गाळण्याचे तंत्र बदलले आहे. वापरणाऱ्याचे शरीर व सवयीही त्या काळच्या नाहीत. काही गट दहा फुटांवरून योग्य दिसणारी वस्तू पुरेशी मानतात, तर काही गट न दिसणाऱ्या शिवणीचाही आग्रह धरतात. या दोहोंत एक किमान अपेक्षा समान आहे: कोणती गोष्ट पुराव्यावर आधारलेली आहे, कोणती अनुमानाने केली आहे व कोठे तडजोड झाली आहे, हे विचारणाऱ्याला प्रामाणिकपणे सांगता आले पाहिजे.