इंजिनाला आधी ऊब, मग हँडल

थंडी पडली की एक व्हिडिओ हमखास फिरतो. कॅनडातला ट्रक, पुढच्या जाळीतून वायर लोंबतेय अन् ती भिंतीवरच्या बोर्डात खोचलेली. खाली लोक विचारतात, ‘बॅटरीवरचा ट्रक का?’ नाही हो, डिझेलचाच. इंजिनातलं पाणी रात्रभर कोमट ठेवणारा हिटर आहे तो. अमेरिकेत नॉर्थ डकोटाच्या अँड्र्यू फ्रीमननं असा हिटर बनवला आणि 1949 साली त्याचं पेटंट घेतलं. हेडचा एक बोल्ट काढायचा, त्या जागी हिटरचा बोल्ट बसवायचा. तिकडं पारा उणे 30 पर्यंत उतरतो, मग सुचणारच.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पिस्टननं दाबलेली हवाच इतकी तापते, 500 अंशांच्या वर, की डिझेल पडताच पेटतं. पण लोखंड गार असलं की ती ऊब पिऊन टाकतं. ऑइल घट्ट, बॅटरी सुस्त, इंजिन फिरतंय हळू, तेवढ्यात दाबलेली हवा रिंगांतून निसटते. मग नुसता पांढरा धूर.

डिझेलसाहेबाचं इंजिन 1897 ला जर्मनीत नीट चाललं. त्याआधीच इंग्लंडात ॲक्रॉइड स्टुअर्टची इंजिनं आली होती. त्यांच्या डोक्यावरचा लोखंडी गोळा दिव्यानं तापवायचा, मगच ती सुरू व्हायची. पुढं 1922 ला बॉशनं ग्लो प्लग काढला. दिवा गेला, तापलेली तार आली. जमशेदपूरहून 1954 ला निघालेल्या टाटा-मर्सिडीज ट्रकच्या इंजिनातही ग्लो प्लग होते.

आपल्याकडं हीच युक्ती विहिरीवर होती. पुण्यात 1946 ला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली, तेव्हा केज अजून निजामाच्या राज्यात. पुढं मराठवाड्यातल्या विहिरींवर मोटेच्या जागी इंजिनं बसली. पौषातल्या पहाटे अडून बसलेल्या इंजिनाच्या पाण्याच्या वाटेत गरम पाणी ओतायचं, खटका उचलून हँडल मारायचं, वेग धरला की खटका सोडायचा. फ्रीमनचा हिटर वेगळं काय करतो? फक्त त्याला चूल लागत नाही. हँडल उलटं फिरलं तर मनगट मोडायचं, म्हणून जाणते लोक अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचे.

आता जिव्हाळ्याचा मुद्दा. दिवाळीनंतर केज, धारूर, वडवणीची माणसं ऊसतोडीला जातात आणि नेमके थंडीचेच महिने फडात काढतात. मजुरी टनावर, वाहतूकही टनावर. पहाटे गाडी अडली की भरलेला ऊस वाळतो, वजन घटतं अन् टोळी बसून राहते. मग कुणीतरी चेंबरखाली जाळ करतं, नाहीतर एअर क्लीनरपाशी पेटता बोळा धरतं. जवळ डिझेलची नळी, भोवती पाचट! हे बंद करा राव. इथरचा फवाराही नको. ग्लो प्लगच्या इंजिनात तर तो आतच भडकतो, रिंगा-पिस्टनची वाट लावतो.

आपल्याला हिटर घ्यायची गरज नाही. लडाखसाठी इंडियन ऑइलनं 2019 ला उणे 33 अंशांपर्यंत वाहतं राहणारं डिझेल आणलं, आपल्याकडं पारा 10 च्या खाली गेला तरी बातमी होते. एवढ्या गारव्यात धडधाकट इंजिन सुरू व्हायलाच पाहिजे. नाही झालं तर आधी बॅटरीची टोकं घासा, ग्लो प्लग असतील तर तपासा, डिझेलच्या लाइनीत हवा धरतेय का पाहा. गरम पाणी ओतायचंच असेल तर कोमटापासून सुरुवात करा. गार हेडवर एकदम उकळतं ओतलं तर तडा जातो.