नवीन सस्पेन्शन फोर्क बसवलाय? आता तो तुमच्या वजनाला सेट करा

माउंटन बाइकला नवीन एअर फोर्क दुकानातून बसवून आणला म्हणजे काम अर्धंच झालेलं असतं. कंपनीला तुमचं वजन माहीत नसतं आणि दुकानात भरलेली हवा बहुतेक वेळा अंदाजाने भरलेली असते. हवा कमी असेल तर उतारावर पुढचा ब्रेक दाबताच फोर्क खोल बसतो, सगळं वजन हँडलवर येतं आणि माणूस हँडलवरून पुढे फेकला जाऊ शकतो. हवा जास्त असेल तर पैसे मोजून घेतलेला फोर्क नुसता चिमटा म्हणून मिरवतो आणि मनगटं दुखतात ती वेगळीच.

लागणारं सामान थोडं आहे: शॉक पंप, मिलिमीटरची पट्टी, एक मित्र आणि मोबाइल. ट्यूबमध्ये हवा भरायचा साधा पंप इथे चालत नाही. फोर्कमधली हवा अगदी थोडी असते, त्यामुळे पंप काढतानाच बरीचशी निघून जाते.

तुमच्या फोर्कमध्ये हवेऐवजी स्प्रिंग असेल (स्वस्त सायकलींना तसाच असतो), तर वरच्या नॉबने स्प्रिंगचा सुरुवातीचा ताण बदलतो, स्प्रिंगचा कडकपणा नाही. वजनाला ती जमत नसेल तर स्प्रिंगच बदलावी लागते, आणि ती मिळत असेल तरच.

आधी बसवणी तपासा

पुढचा ब्रेक दाबून धरा आणि सायकल मागेपुढे हलवा. हेडसेटवर बोट ठेवलं की टकटक जाणवते का बघा. जाणवली तर स्टेमचे बाजूचे बोल्ट ढिले करा, वरच्या कॅपचा बोल्ट थोडा थोडा आवळत खेळ घालवा आणि मग बाजूचे बोल्ट स्टेमवर छापलेल्या टॉर्कला आवळा. हा क्रम महत्त्वाचा. वरची कॅप फक्त बेअरिंगवर दाब देते, हँडल धरून ठेवतात ते बाजूचेच बोल्ट.

जुन्यापेक्षा जास्त ट्रॅव्हलचा फोर्क घेतला असेल तर फ्रेम कंपनीने किती ट्रॅव्हल चालेल असं लिहिलंय ते वाचा. २० मिमी वाढवले की हेड अँगल साधारण एक अंशाने झोपतो आणि फ्रेमवरचा ताणही वाढतो.

अजून एक तपासणी बरेच जण टाळतात. सगळी हवा सोडून फोर्क पूर्ण खाली दाबा आणि टायर वरच्या क्राउनला घासत नाही ना ते बघा. भर वेगात तिथे टायर अडकला तर काय होईल, ते सांगायला नको.

सॅग: सगळ्यात महत्त्वाचा आकडा

तुम्ही नुसते उभे राहिलात तरी फोर्क जेवढा दबतो, तो सॅग. क्रॉस कंट्रीसाठी ट्रॅव्हलच्या १५ ते २० टक्के आणि ट्रेलसाठी २० ते २५ टक्के धरतात. माझा फोर्क १२० मिमीचा आहे, म्हणजे २० टक्क्यांनी २४ मिमी.

फोर्कच्या पायावरच्या तक्त्यात वजनाप्रमाणे प्रेशर दिलेलं असतं. वजन धरताना हेल्मेट, बॅग आणि पाणीही धरा. माझं ६८ किलोचं वजन सामानासकट ७४ होतं. हवा थोडी थोडी भरा आणि मध्ये मध्ये पंप लावलेला असतानाच फोर्क आठ-दहा वेळा हळूहळू दाबा. आत पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह असे दोन कप्पे असतात. दाबल्याशिवाय त्यांच्यातलं प्रेशर सारखं होत नाही आणि काटा खोटं बोलतो.

आता कॉम्प्रेशन पूर्ण उघडं ठेवा. मित्राला सायकल धरायला सांगा आणि पेडलवर उभे राहून उतारावर असता तसे किंचित वाका. मित्राने रबरी ओ-रिंग खाली सीलपर्यंत सरकवावी. मग झटका न देता उतरा आणि सील ते ओ-रिंग अंतर मोजा. ३० मिमी आलं तर ५ पीएसआय वाढवा, १५ आलं तर तेवढंच कमी करा आणि पुन्हा मोजा.

पंप काढताना होणारा ‘फुस्स’ आवाज पंपाच्या नळीतल्या हवेचा असतो, फोर्कच्या नाही. दुसऱ्या दिवशी पंप लावून बघितलं तर काटा कमी दाखवतो, कारण थोडी हवा पुन्हा नळीत शिरते. लगेच गळतीची तक्रार घेऊन दुकानात धावू नका.

रिबाउंड

लाल नॉब म्हणजे रिबाउंड, दबलेला फोर्क किती वेगाने परत येतो ते. घड्याळाच्या दिशेने फिरवलं की हळू. कासव आणि सशाचं चित्र असतं, त्यामुळे गोंधळ होत नाही. सॅग ठरल्याशिवाय याला हात लावू नका, कारण प्रेशर वाढलं की परतीचा जोरही वाढतो आणि रिबाउंड बदलावा लागतो.

इथे मोबाइल कामाला येतो. फुटपाथच्या कडेवरून हळू खाली उतरा आणि मित्राला स्लो मोशनमध्ये शूट करायला सांगा. फोर्क दबून एकदा वर यावा आणि स्थिर व्हावा. दोन-तीनदा उसळला तर रिबाउंड फार जलद आहे, पुढचं चाक जमीन सोडणार. अगदी आळशीपणे वर आला तर सलग दगडांवर तो दर धक्क्याला आणखी खाली बसत जातो आणि शेवटी ट्रॅव्हलच उरत नाही. आमच्या पुण्याच्या टेकड्यांवर सुट्या दगडांचा उतार लागला की हा दुसरा प्रकार लगेच कळतो.

नॉब पूर्ण बंद करून तिथून क्लिक मोजा आणि फोनच्या नोट्समध्ये लिहून ठेवा: तारीख, प्रेशर, सॅग, क्लिक. एका वेळी एकच गोष्ट बदला. डीबगिंग करणाऱ्याला हे सांगावं लागत नाही, पण टेकडीवर मित्रमंडळी जमली की तिन्ही नॉब एकदम फिरतात.

राइडनंतर

ओ-रिंग कुठवर सरकली ते बघा. सगळ्यात मोठ्या धक्क्याला ट्रॅव्हल जवळजवळ संपणं बरोबर आहे. साध्या रस्त्यावरच तळ गाठत असेल तर हवा वाढवा. सॅग बरोबर असूनही तळ गाठत असेल तर हवेच्या कप्प्यात प्लास्टिकचे टोकन टाकतात, त्याने शेवटचा भाग कडक होतो. ट्रॅव्हलचा तिसरा भाग कधीच वापरला जात नसेल तर हवा कमी करा किंवा टोकन काढा.

रॉकशॉक्सच्या ट्रेलहेडमध्ये फोर्कचा सीरियल नंबर आणि वजन टाकलं की सुरुवातीची सेटिंग्ज मिळतात. फॉक्सच्या फोर्कवर चार अक्षरी कोड असतो, तो त्यांच्या साइटवर टाकायचा. दोन्हीकडचे आकडे सुरुवातीपुरते, पुढे पट्टीच वापरा. आणि पावसाळ्यात प्रत्येक राइडनंतर सीलवरचा चिखल ओल्या फडक्याने पुसा. प्रेशर वॉशरचा फवारा तिथे मारू नका, पाणी सीलमधून आत जातं.