२ नोव्हेंबर १९६६ : मिसिसिपी जॉन हर्ट यांचे निधन

अमेरिकेतील ब्लूज गायक-गिटारवादक मिसिसिपी जॉन हर्ट यांचा २ नोव्हेंबर हा स्मृतिदिन. मिसिसिपी राज्यातील अ‍ॅव्हलॉन या लहानशा वस्तीत शेतमजुरी करत ते स्वतःच गिटार शिकले. १९२८ मध्ये ‘ओके’ कंपनीने मेम्फिस व न्यूयॉर्क येथे त्यांची गाणी ध्वनिमुद्रित केली. पण तबकड्या फारशा खपल्या नाहीत. पुढे महामंदी आली आणि हर्ट पुन्हा शेतीत रमले. तब्बल ३५ वर्षे संगीतविश्वाला त्यांचा पत्ता नव्हता.

१९५२ मध्ये हॅरी स्मिथ यांनी जुन्या लोकगीतांच्या संग्रहात त्यांची दोन गाणी घेतली आणि रसिकांचे कुतूहल जागे झाले. ‘अ‍ॅव्हलॉन ब्लूज’ या गाण्यात त्यांनी आपल्या गावाचे नाव घेतले होते. तोच धागा पकडून टॉम हॉस्किन्स या तरुण संग्राहकाने जुन्या नकाशात अ‍ॅव्हलॉन शोधले आणि १९६३ मध्ये तो थेट हर्ट यांच्या दारात पोहोचला. त्याच वर्षी न्यूपोर्ट लोकसंगीत महोत्सवात हर्ट यांनी श्रोत्यांची मने जिंकली.

अंगठ्याने खर्जाच्या तारांवर ठेका धरायचा आणि त्याच वेळी बोटांनी वरच्या तारांवर चाल छेडायची, ही त्यांची शैली. हर्ट यांची शैली गिटारचे विद्यार्थी आजही आवडीने गिरवतात.